लादीतली निळी रेघ

रंग नाही, वास नाही, चव नाही. शून्याला गोठतं, शंभराला उकळतं. सातवीची मुलं पाण्याचे गुणधर्म पाढ्यासारखे म्हणून दाखवतात आणि पाढ्यासारखेच विसरतात. ऑगस्टात मासेमारीची बंदी उठून रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर पुन्हा गजबजलं, तेव्हा सतरा मुलं घेऊन मी जवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात गेले.

पत्र्याची शेड, कंप्रेसरची धडधड, पायाखाली ओल्या लाकडी फळ्या. आपण जमिनीवर नाही, टाकीवर उभे आहोत, हे ऑपरेटर काकांनी एक फळी उचलली तेव्हा कळलं. खाली काळपट खारं पाणी आणि त्यात गळ्यापर्यंत बुडालेले उंच पत्र्याचे डबे. तापमान उणे दहा.

"मग हे कसं नाही गोठलं?" एकाने विचारलं.

"मीठ आहे ना. हे गोठलं तर माझी नोकरी गेली!"

कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो, त्याचंच हे मोठं रूप. पाण्याचे रेणू रांगेत बसू पाहतात आणि मीठ मध्ये लुडबुड करतं. या खाऱ्या पाण्यातून अमोनियाच्या नळ्या जातात, आणि त्यांच्या आत अमोनिया चक्क उकळत असतो. नेहमीच्या दाबाला तो उणे ३३ अंशांवरच उकळतो. उकळायला लागणारी उष्णता तो खाऱ्या पाण्यातून ओढतो, खारं पाणी डब्यांतून. उकळणं म्हणजे गरम, असं मानणारी मुलं इथे गडबडली. गडबडू दे म्हटलं.

डबा काठोकाठ भरत नाहीत, चार बोटं रिकामा ठेवतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. जागा सोडली नाही तर डबा दुधासारखा उतू जातो आणि गोडं पाणी खाली पडून खारं पाणी पातळ होतं. काकांना रेणूंची षटकोनी मांडणी ठाऊक नाही, पण तिच्यासाठी किती जागा सोडायची ते त्यांची बोटं जाणतात.

मग साखळीने एक डबा वर आला, साध्या पाण्याच्या हौदात बुडाला. पत्र्याला चिकटलेला थर सुटला, डबा आडवा केला, आणि मुलांच्या उंचीची लादी सर्रकन घसरत बाहेर आली. कडेने काचेसारखी नितळ. मधोमध, वरपासून खालपर्यंत, पांढरट गाभा आणि त्यात एक निळी रेघ.

खाण्याजोगा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ मध्ये आला. काकांनी रंग डबाभर ढवळला होता. गोठताना तो मधोमध कसा गेला?

याचसाठी आले होते मी. डबा चहूबाजूंनी थंड होतो, म्हणून बर्फ कडेकडून आत सरकतो. सरकताना रेणूला रेणू जुळवत जातो आणि त्या नक्षीत न बसणारं सगळं पुढे ढकलतो: रंग, क्षार, विरघळलेली हवा. शेवटी पळायला जागा उरत नाही, तिथे सगळं एकत्र कोंडतं. पांढरेपणा तो हवेच्या बुडबुड्यांचा. पारदर्शक लादी हवी असेल तर गोठताना आत हवा सोडून पाणी हलतं ठेवतात आणि उरलेलं गाभ्याचं पाणी उपसून नवं भरतात. इथे तेवढे लाड नाहीत. "माशाला काय त्यात तोंड बघायचंय?" काका म्हणाले.

चाटायचं नाही, असं दोनदा बजावलं होतं. तरी एका मुलीने कडेचा आणि गाभ्याचा असे दोन तुकडे जिभेला लावलेच. "बाई, मधला मचूळ लागतो!" बंदराजवळची बोअर, मचूळ लागणारच. रागवायला हवं होतं. रागवले नाही.

लाद्या आकड्याने ओढत क्रशरमध्ये गेल्या, चुरा पन्हळीतून थेट होडीत. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापेल. ती सगळी उष्णता माशातून आणि आसपासच्या हवेतून जाते, आणि बर्फ संपेपर्यंत खोकं शून्याच्या आसपासच राहतं. मासा स्वतः शून्याच्या किंचित खाली गोठतो, म्हणून गार होतो पण कडक होत नाही.

पुढच्या आठवड्यात चाचणी होती. चूक की बरोबर: पाण्याला चव नसते. त्या मुलीने लिहिलं, 'कडेच्या पाण्याला नसते. मधल्याला असते.' उत्तरसूचीत नुसतं 'बरोबर' आहे. तिचा पेपर अजून माझ्या टेबलावर, न तपासलेला.