उस्मानाबादी शेळीचे ऋतुमान आणि पैदास

नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील पशुधनाचा विचार करताना लाल कंधारी व देवणी या गोवंशांचे नाव प्रथम पुढे येते. तथापि अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबाचा खरा आधार शेळी हाच होय. येथील उस्मानाबादी जात बहुतांशी काळ्या रंगाची, काटक व जुळी करडे देण्याविषयी प्रसिद्ध आहे. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळा झाला. त्यामुळे लातूर व उदगीर हे या जातीच्या मूळ प्रदेशाचे भाग आज तिच्या नावात दिसत नाहीत, एवढेच.

शेळीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. पेरू देशातील पठारांवर पाळल्या जाणाऱ्या अल्पाका या प्राण्याशी तुलना केल्यास याचे महत्त्व ध्यानी येते. अल्पाकाची मादी साडेअकरा महिन्यांच्या आसपास गाभण राहते व एकच पिलू देते. साहजिकच वर्षातील एका अनुकूल ऋतूशी तिचे जीवन बांधलेले असते. शेळीस मात्र दोन वर्षांत तीन वेते घेता येतात. यामुळे लाभ वाढतो, पण एखादे वेत प्रतिकूल ऋतूत येण्याचा धोकाही वाढतो.

समशीतोष्ण देशांत दिवस लहान होऊ लागला की शेळ्या माजावर येतात. आपल्याकडे वर्षातील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत फरक सव्वादोन तासांच्या आतबाहेरच असल्याने हे बंधन सैल असते. शेळी बारमाही, सुमारे २१ दिवसांच्या अंतराने, माजावर येऊ शकते. येथे निर्णायक ठरतो तो चारा. मृगाच्या पावसानंतर हिरवा पाला मिळू लागला की शेळ्यांचे अंग भरते व त्या फळतात. जूनच्या मध्यास फळलेली शेळी नोव्हेंबरच्या मध्यास विते. त्या वेळी तुरीचा पाला व सुगीनंतरची रिकामी राने उपलब्ध असतात. उलट ऑक्टोबरच्या मध्यास फळलेली शेळी मार्चच्या मध्यास विते आणि तिची करडे उन्हाळ्यात सापडतात. बाभळीच्या शेंगांचा त्या दिवसांत आधार होतो. परंतु पाण्याची टंचाई आली की दूध आटते. गर्भाची वाढ अखेरच्या सहा आठवड्यांत सर्वाधिक होते, म्हणून त्या काळातील खुराक करडाचे जन्मवजन ठरवितो.

मात्र पैदाशीचा खरा प्रश्न ऋतूचा नसून बोकडाचा आहे. कळपातील सर्वांत जोमदार नर सर्वांत आधी विकला जातो किंवा मांसासाठी खच्ची केला जातो. बकरी ईदला अशा बोकडास उत्तम भाव मिळतो. शिवाय ती तिथी दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी अलीकडे सरकते, त्यामुळे विक्रीचा काळ व वेताचा काळ यांचा मेळ कायम राहत नाही. मागे उरतो तो न विकलेला, बहुधा दुबळा नर. तोच पुढच्या पिढीचा बाप होतो. गावात एकच बोकड अनेक वर्षे राहिल्यास तो आपल्याच पाटींना फळवितो. अशा उलट्या निवडीने जातीचे गुण हळूहळू क्षीण होतात. ज्या कुटुंबाने अर्धेलीने शेळ्या सांभाळल्या आहेत, त्यास आलेला भाव नाकारण्यास सांगणे व्यवहार्य नाही. गरजू माणसाने केलेली विक्री हा त्याचा दोष म्हणता येणार नाही.

उपाय सामुदायिकच असू शकतो. २५ ते ३० शेळ्यांमागे एक निवडक, जुळ्यांतील बोकड गावाने मिळून राखावा व दर दोन वर्षांनी शेजारच्या गावाशी त्याची अदलाबदल करावी. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी. उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालय असल्याने शास्त्रीय मार्गदर्शन दूर नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी निवडक गावांत प्रत्येक वेताची तारीख, करडांची संख्या, जन्मवजन आणि बापाची ओळख यांची नोंद सलग तीन वर्षे ठेवल्यास ऋतू व निवड यांचा प्रभाव वेगवेगळा मोजता येईल. ज्या शेळीस आपण गरिबाची गाय म्हणतो, तिची वंशावळ कागदावर येणे हे तिच्या संवर्धनाचे पहिले पाऊल ठरेल.