आकडे, आज्ञा आणि अहवाल एकाच कागदावर

अहवालातील आकडा नेमका कोठून आला, हे वाचणाऱ्याला तपासता आले पाहिजे. साध्या मजकुरातील माहितीसाठा आणि दस्तऐवजातच चालणाऱ्या आज्ञा यांची सांगड घालून ही सोय कशी होते?

सन २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून अधिक झालेल्या विकसित देशांत आर्थिक वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्का राहतो, असे त्यात म्हटले होते. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लावावी की नाही, यावर तेव्हा वाद सुरू होता आणि त्या वादात या निबंधाचा वारंवार दाखला दिला गेला. पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने हेच गणित पुन्हा करून पाहिले, पण ते काही केल्या जुळेना. अखेर त्याने लेखकांकडून त्यांचा मूळ एक्सेल तक्ता मागवला आणि तेव्हा घोटाळा उघड झाला. सरासरी काढणारे सूत्र पाच ओळी आधीच थांबले होते. त्यामुळे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबातून गळले होते. काही वर्षांची आकडेवारी वगळणे आणि देशांना दिलेला भार याबाबतही हर्नडन व त्याच्या दोन प्राध्यापकांनी आक्षेप घेतले. या साऱ्या दुरुस्त्यांनंतर २०१३ मध्ये त्यांनी काढलेली सरासरी अधिक २.२ टक्के होती. मूळ लेखकांनी तक्त्यातील चूक मान्य केली, निष्कर्षाचे मात्र समर्थन केले.

सूत्रात एखादी ओळ सुटणे ही कोणाच्याही हातून होणारी चूक आहे. चिंतेची बाब अशी, की ती तीन वर्षे कोणाच्या नजरेस पडली नाही. छापील निबंधात उत्तर होते, ते काढण्याची रीत मात्र दुसऱ्याच फाइलमध्ये बंद होती. बहुतेक कार्यालयांतील अहवालांची स्थिती याहून वेगळी नसते. आकडे एका तक्त्यात, हिशेब दुसरीकडे आणि मजकूर तिसरीकडे असतो. या तिघांना जोडणारा दुवा म्हणजे कोणीतरी हाताने केलेली नक्कल.

नूथ यांची कल्पना

या दुखण्यावरचा एक उपाय संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांच्या विचारात सापडतो. संगणकाला काय करायचे ते सांगण्याऐवजी, संगणकाने काय करावे असे आपल्याला वाटते ते माणसाला समजावून सांगावे, अशी भूमिका त्यांनी १९८४ मध्ये मांडली. आज्ञावली आणि तिचे विवेचन एकाच दस्तऐवजात लिहिण्याच्या या पद्धतीला त्यांनी साक्षर आज्ञालेखन या अर्थाचे नाव दिले.

हीच कल्पना पुढे संशोधन अहवालांत आली. ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेसाठी २००२ मध्ये ‘स्वीव्ह’ तयार झाले. २०१४ मध्ये नामकरण झालेली ‘ज्युपिटर’ ही वही आज विद्यार्थ्यांच्याही परिचयाची आहे. या परंपरेतील वेगळे साधन म्हणजे ‘ऑर्ग मोड’. नेदरलँड्समधील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टेन डोमिनिक यांनी २००३ मध्ये ‘ईमॅक्स’ या मजकूर संपादकासाठी ते सुरू केले. एरिक शुल्ट आणि डॅन डेव्हिसन यांनी त्याला ‘बेबल’ची जोड दिली. बेबलमुळे दस्तऐवजात आज्ञांची चौकट लिहिता येते. ती चालवली की उत्तर त्याच पानावर खाली उमटते. एका भाषेतील चौकटीचे उत्तर दुसऱ्या भाषेतील चौकटीला पुरवता येते, हे तिचे वैशिष्ट्य.

साध्या मजकुराचा माहितीसाठा

आज्ञा पानावर आल्या, तरी आकडे दूर कोठेतरी बंद असतील तर काम अर्धेच होते. येथे साध्या मजकुरातील माहितीसाठा उपयोगी पडतो. ‘ग्नू’ प्रकल्पातील ‘रेकयुटिल्स’ हा होसे मार्केसी यांनी घडवलेला संच त्याचे सुटसुटीत उदाहरण आहे.

एखाद्या छोट्या वाचनालयाची ग्रंथयादी घ्या. प्रत्येक पुस्तकासाठी नाव, लेखक, वर्ष, प्रती अशा ओळी लिहायच्या. प्रत्येक ओळीत आधी क्षेत्राचे नाव, मग अपूर्णविराम आणि त्यापुढे माहिती. एक पुस्तक संपले की एक ओळ कोरी सोडायची. झाला माहितीसाठा! फाइलच्या आरंभी काही नियमही घालता येतात. वर्ष पूर्णांकच असावे, नाव रिकामे नसावे, दाखल क्रमांक दोनदा येऊ नये असे हे नियम. ‘रेकफिक्स’ ही आज्ञा ते पाळले गेले आहेत की नाहीत हे तपासते, तर ‘रेकसेल’ हव्या त्या नोंदी निवडून देते. क्षेत्रांची नावे रोमन लिपीत द्यावी लागतात, माहिती मात्र देवनागरीत ठेवता येते.

अशा फाइलला उघडण्यासाठी कोणत्याही विशिष्ट कंपनीच्या सॉफ्टवेअरची गरज नसते. मराठी वाचकाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. युनिकोड रुळण्यापूर्वी ठरावीक फॉन्टवर बेतलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अगम्य चिन्हांची रांगोळी होऊन बसे. युनिकोडमधील साधा मजकूर त्या परावलंबनातून सुटला आहे.

सांगड कशी बसते?

आता दोन्ही बाजू एकत्र येतात. ऑर्ग दस्तऐवजातील चौकटीत ग्रंथयादीच्या फाइलचे नाव आणि ‘१९६० पूर्वीची पुस्तके’ अशा अर्थाची अट लिहायची. चौकट चालवताच निवडलेल्या नोंदींचा तक्ता पानावर उमटतो. त्या तक्त्याला नाव दिले, की पुढील चौकट त्यावरून दशकवार बेरीज करते आणि त्यापुढची आलेख काढते. यादीत दहा पुस्तकांची भर पडली तर चौकटी पुन्हा चालवायच्या. तक्ता, बेरीज आणि आलेख तिन्ही बदलतात. आकडा हाताने उतरवण्याची वेळच येत नाही. शिवाय दोन्ही फाइली साध्या मजकुराच्या असल्याने कोणती ओळ केव्हा बदलली, हे ‘गिट’सारख्या साधनाने पाहता येते.

मधल्या टप्प्यावरील साठवण चुकली तर काय होते, हे इंग्लंडने २०२० मध्ये अनुभवले. प्रयोगशाळांकडून करोना चाचण्यांची माहिती साध्या मजकुराच्या फाइलींत येत होती. ती एक्सेलच्या जुन्या प्रकारात भरली गेली. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते. परिणामी २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकड्यांत आली नाही आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. मूळ मजकूर शाबूत होता. नोंदी गळल्या त्या मधल्या तक्त्यात, आणि तेथे कोणतीही धोक्याची घंटा वाजली नाही.

मर्यादाही आहेत

हा उपाय सर्वत्र लागू पडत नाही. लाखो नोंदी असतील किंवा अनेक जण एकाच वेळी बदल करत असतील, तर खरी माहितीसाठा प्रणालीच हवी. बँकेचे खाते मजकुराच्या फाइलवर चालणार नाही. ईमॅक्स शिकायलाही चिकाटी लागते. दुसरा धोका सुरक्षिततेचा. परक्याने पाठवलेल्या दस्तऐवजातील चौकट फाइली पुसूनही टाकू शकते. म्हणून ऑर्ग मोड प्रत्येक चौकट चालवण्यापूर्वी संमती विचारतो. ती सवयीने देणे महागात पडू शकते.

शिवाय आज्ञा पानावर आहेत, म्हणजे उत्तर पुन्हा तेच येईल, असेही नाही. सार्वजनिक संकेतस्थळावरील ज्युपिटर वह्या चालवून पाहणारा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चालवलेल्या वह्यांपैकी सुमारे २४ टक्केच विनादोष चालल्या आणि मूळ उत्तर मिळाले ते जेमतेम ४ टक्के वह्यांत. लागणारी उपसाधने नोंदवलेली नसणे आणि चौकटी उलटसुलट क्रमाने चालवणे, ही त्यामागची काही कारणे. त्यामुळे आकडे व आज्ञा यांच्याबरोबरच कोणत्या साधनाची कोणती आवृत्ती वापरली, हेही लिहून ठेवावे लागते.

शाळेच्या गणिताच्या वहीत केवळ उत्तराला पूर्ण गुण मिळत नाहीत, रीतही दाखवावी लागते. ज्या अहवालांवर सरकारी खर्च आणि रोगनियंत्रण ठरते, त्यांच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवणे गैर म्हणता येणार नाही.