खेळ फोनमधला, चालणे आपले

मुलगा तासन्‌तास फोन घेऊन बसतो, हाक मारली तरी ऐकत नाही, जेवणाचेही भान राहत नाही, अशी तक्रार हल्ली जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकू येते. तक्रारीत तथ्य आहेच. पण फोनवरचे सगळेच खेळ एका मापाने मोजता येत नाहीत. त्यांत एक जात अशी आहे, की तो खेळ बसल्या जागी नीट खेळताच येत नाही. त्यासाठी उठावे लागते, चपला घालाव्या लागतात आणि घराबाहेर पडून चालावे लागते. आरोग्याच्या सदरात या खेळाची दखल घेण्याचे कारण हेच. माणूस त्यात इतका का रमतो, हे कळले तर त्यातून काय घ्यावे आणि कशापासून जपावे, हेही कळेल.

या प्रकाराला इंग्रजीत ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’ म्हणतात. नाव भारदस्त असले तरी गोष्ट सोपी आहे. समोर जे खरे दिसते आहे, त्यावर फोन आपल्या पदरचे काही चित्र टाकतो. आपण कोठे उभे आहोत हे उपग्रहांच्या संकेतांवरून फोनला कळते. तोंड कोणत्या दिशेला आहे, हात किती कलला आहे, हे आतील होकायंत्र आणि इतर सूक्ष्म यंत्रे सांगतात. कॅमेऱ्यातून अंगण दिसते आणि त्या अंगणात तुळशी वृंदावनाशेजारी एक पिवळा प्राणी शेपूट हलवीत उभा दिसतो. प्रत्यक्षात तेथे काहीच नसते. २०१७ पासून फोनना जमिनीचा सपाट भाग ओळखणे अधिक चांगले जमू लागले. त्यामुळे प्राणी हवेत तरंगण्याऐवजी जमिनीवर टेकलेला दिसू लागला आणि आपण जवळ गेलो की मोठा भासू लागला.

या जातीचा जगभर गाजलेला खेळ म्हणजे ‘पोकेमॉन गो’. अमेरिकेतील नायअँटिक या कंपनीने तो जुलै २०१६ मध्ये आणला. भारतात तो अधिकृतपणे १४ डिसेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओच्या साथीने आला, पण त्याआधीच मुंबई-पुण्याची तरुण मुले आडमार्गाने तो उतरवून घेऊन रस्त्यांवर फिरू लागली होती. खेळात काल्पनिक प्राणी शोधून पकडायचे असतात. गावातील देऊळ, पुतळा, बाग, जुनी इमारत अशी खरी ठिकाणे खेळातील थांबे होतात आणि तेथे पायी गेल्यावर खेळाचे सामान मिळते. खेळातील अंडे फुटण्यासाठी दोन, पाच किंवा दहा किलोमीटर चालावे लागते, आणि भरधाव वाहनात बसून कापलेले अंतर त्यात धरले जात नाही. देवळांच्या जागी अंडी मिळतात म्हणून सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली होती. खेळाचा नकाशा गावाच्या नकाशावर अंथरला की असे प्रश्न उभे राहणारच.

मन रमते कशात?

पुष्कळांना वाटते, की समोर प्राणी हुबेहूब दिसतो म्हणून मजा येते. ते पूर्ण खरे नाही. नियमित खेळणारे अनेक जण कॅमेऱ्याचे हे दृश्य चक्क बंद ठेवतात. त्याने बॅटरी लवकर उतरते आणि प्राणी पकडणेही अवघड जाते. तरीही त्यांची तल्लीनता कमी होत नाही. मग ती येते कोठून? माझ्या मते तिचे पहिले मूळ आपल्या ओळखीच्या जागेत आहे. रोजचा बाजाराचा रस्ता, शाळेमागचे मैदान, बसस्थानकाचा कोपरा आपण इतक्या वेळा पाहिलेला असतो, की तो दिसेनासा झालेला असतो. खेळ सांगतो, आज तेथे काहीतरी लपले आहे. लगेच तोच कोपरा नवा होतो. आपल्या झाडीपट्टीच्या वाचकाला हे निराळे समजवायला नको. दंडार रंगात आली, की राजाच्या वेशात उभा असलेला इसम आपल्याच गावचा शेतकरी आहे, हे सर्वांना ठाऊक असते. ठाऊक असूनही पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. ओळखीचा माणूस अनोळखी होतो, यातच निम्मी गंमत असते. या खेळात तेच ओळखीच्या रस्त्याचे होते.

दुसरे मूळ शोधण्यात आहे. पावसाळ्यात वारुळाजवळ सात्या शोधायला गेलेल्या माणसाला विचारा. दहा वारुळे रिकामी निघतात आणि अकराव्यावर पांढऱ्या छत्र्यांचा थवा दिसतो. त्या क्षणाचा आनंद बाजारातून पावशेर विकत आणण्यात नाही. शिवाय एकदा सापडल्या, की पाय आपोआप पुढच्या वारुळाकडे वळतात. बक्षीस केव्हा मिळेल हे नक्की नसले, की प्राणी आणि माणूस दोघेही प्रयत्न सोडत नाहीत, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी गेल्या शतकात कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग करून दाखविले होते. खेळ बनविणाऱ्यांना हे पक्के माहीत असते. साधा प्राणी पावलोपावली, दुर्मीळ प्राणी क्वचित, अशी वाटणी त्यांनी हिशेबाने केलेली असते. मजा येथून येते आणि चटकही येथूनच लागते, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

याशिवाय काम फार सोपे असेल तर कंटाळा येतो आणि फार कठीण असेल तर वैताग. दोहोंच्या मधोमध, आपल्या कुवतीला जरा ताण देणारे काम मिळाले, की वेळेचे भान हरपते. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी या अवस्थेला ‘प्रवाह’ असे नाव दिले. चांगला खेळ खेळणाऱ्याच्या तयारीप्रमाणे हळूहळू अवघड होत जातो तो यासाठीच.

आता शरीराचा भाग. डोळ्यांवर पेटीसारखे यंत्र बांधून खेळण्याचे जे खेळ निघाले आहेत, त्यांत अनेकांना मळमळते. डोळे सांगतात आपण पळतो आहोत, आणि कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते आपण जागेवर आहोत. या विसंगतीने पोट ढवळते. फोनच्या खेळात हा त्रास सहसा होत नाही, कारण पाय खरोखर चालत असतात आणि फोनच्या कडेबाहेरचे खरे जग दिसत असते. शरीराने केलेली हालचाल खेळात उमटते, म्हणून ‘मी खेळात आहे’ ही भावनाही अधिक पक्की होते.

सोबतीचेही असेच. मोठा प्राणी एकट्याला आवरत नाही, चार जणांनी एका जागी जमावे लागते. तैवानमध्ये २०१८ साली सत्तरीचे एक आजोबा सायकलच्या हँडलला दहाहून अधिक फोन लावून हा खेळ खेळत फिरत आणि त्यांना पाहून लोक ओळख काढीत. इतके फोन कोणी लावावेत असे आमचे म्हणणे नाही! पण सोबतीचे महत्त्व दुसऱ्या एका गोष्टीवरूनही दिसते. ‘माइनक्राफ्ट अर्थ’ हा याच जातीचा, तंत्राने सरस खेळ जून २०२१ मध्ये बंद झाला. मोकळेपणी फिरणे आणि एकत्र जमणे यावर तो बेतलेला होता आणि साथीच्या काळात दोन्ही अशक्य झाले, असे कारण त्याच्या कंपनीने दिले.

प्रकृतीला लाभ किती?

येथे मात्र हुरळून जाऊ नये. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी फोनमध्ये नोंदलेल्या पावलांचा हिशेब तपासला आणि तो डिसेंबर २०१६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. खेळ घेतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात खेळणारे दिवसाला सरासरी ९५५ पावले अधिक चालले. म्हणजे सुमारे ११ मिनिटांचे चालणे. पुढे ही वाढ ओसरत गेली आणि सहाव्या आठवड्यात गाडी मूळ पदावर आली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात, खेळात खूप रस घेणाऱ्यांची पावले महिनाभर दिवसाला १,४७३ ने वाढलेली आढळली. तेव्हा खेळ माणसाला दारापर्यंत ओढून आणतो, पण सहा आठवड्यांनंतर नव्याची नवलाई संपते. ज्यांना मधुमेहासाठी किंवा वजनासाठी रोज चालायचे आहे, त्यांनी या पहिल्या सहा आठवड्यांत चालण्याची वेळ आणि चालण्याचा सोबती पक्का करून घ्यावा. खेळ सुटला तरी सोबती दारात येऊन हाक मारतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. या खेळातील बरेच थांबे आधीच्या खेळाडूंनी नोंदविलेल्या जागांवरून आले. त्यामुळे मोठ्या शहरांत ते दाट आणि लहान गावांत विरळ आहेत. आरमोरीच्या मुलाने नागपूरच्या मावसभावासारखी मजा येत नाही म्हणून कुरकुर केली, तर दोष त्याचा नाही.

धोका कोठे?

ज्या तल्लीनतेने पाय चालतात, तीच तल्लीनता डोळे झाकते. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी एकचाकी सायकलवर विदूषक फिरविला आणि तेथून जाणाऱ्यांना नंतर विचारले. मोबाईलवर बोलत चाललेल्यांपैकी फक्त चौथ्या हिश्शाला तो दिसला होता. २००९ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग नुसत्या बोलण्याचा आहे. पडद्याकडे पाहत चालणाऱ्याची गत काय होईल, हे सांगायला नको.

आपल्या भागात विदूषक फिरत नाहीत. येथे नागपूर-गडचिरोली रस्त्यावरचे ट्रक आहेत, वडशाच्या रस्त्यावरच्या भरधाव मोटारसायकली आहेत आणि वस्ती संपताच जंगल सुरू होते. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी भागांत मिळून १३ जणांचे बळी घेणारा ‘सीटी-१’ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनविभागात जेरबंद झाला, हे आपण विसरलेलो नाही. २०२१ पासून रानटी हत्तींचा कळपही जिल्ह्यात वावरू लागला. म्हणून पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री, तसेच जंगलाच्या, नाल्याच्या किंवा वैनगंगेच्या काठाने फोनमध्ये पाहत फिरणे कटाक्षाने टाळावे. शाळेचे मैदान किंवा उजेडातला, वर्दळ कमी असलेला वस्तीतला रस्ता यासाठी उत्तम. चालताना फोन खाली धरावा, तो थरथरला की थांबावे, बाजूला व्हावे आणि मगच पडद्याकडे पाहावे. दोन्ही कानांत बोंडे घालू नयेत.

वाहन चालविताना हा खेळ म्हणजे सरळ आत्मघात. हिशेब करून पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटारसायकल सेकंदाला ११ मीटर जाते. तीन सेकंद नजर पडद्यावर गेली, की ३३ मीटर अंतर आंधळेपणाने कापले गेले. तेवढ्यात एखादी शेळी नव्हे, अख्खी बैलबंडी आडवी येते.

मान वाकवून पाहण्याने मानेचे स्नायू दुखतात. फोन छातीच्या उंचीला आणावा. पडद्याकडे टक लावली, की पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी दूरच्या झाडाकडे थोडा वेळ पाहावे. खेळात खऱ्या पैशांनी सामान विकत घेता येते, म्हणून मुलाच्या फोनला पैसे भरण्याची सोय जोडून ठेवू नये.

मूल खेळात रमले म्हणजे त्याला व्यसन लागले, असे मानू नये. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराचा समावेश रोगांच्या यादीत केला असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटलेला असणे, बाकी सर्व गोष्टींपेक्षा खेळच मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, अशी स्थिती साधारणपणे वर्षभर दिसावी लागते. झोप, शाळा, जेवण आणि मित्र हे चारही जागेवर असतील तर काळजीचे कारण नाही. यांपैकी दोन-तीन गोष्टी ढासळलेल्या दिसल्या, तर फोन हिसकावून घेण्याआधी मुलाशी शांतपणे बोलावे आणि गरज वाटल्यास शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा विनामूल्य असून दिवसरात्र चालू असते.