केबिनमधला माणूस



आपल्याकडे माती उपसणारं कुठलंही पिवळं यंत्र म्हणजे ‘जेसीबी’. हे नाव मूळचं इथलं, ब्रिटनमधलं. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये स्टॅफर्डशरमध्ये सुरू केलेल्या कंपनीची ही आद्याक्षरं. रस्त्यात जेसीबी दिसला की मुलं हमखास थांबतात. आज आपण त्यात बसलेल्या माणसाविषयी बोलू.

मी आयटीतला. आमच्या प्रकल्पांत धोक्यांची यादी करताना अचानक कोसळणारं संकट सगळ्यांना सुचतं, हळूहळू पोखरणारं राहून जातं. यंत्रचालकाचंही तसंच आहे.

आधी अचानकचे धोके. उतारावर किंवा खड्ड्याच्या काठावर यंत्र कलंडतं. घाबरून उडी मारणारा चालक बऱ्याचदा त्याच यंत्राखाली चिरडला जातो. केबिनभोवतीची मजबूत चौकट त्याला वाचवण्यासाठीच असते, पण सीट बेल्ट लावलेला असेल तरच. दुसरा धोका विजेच्या तारांचा. यंत्र तारेला लागलं, तर वीज बंद होईपर्यंत आतच बसून राहायचं. आगच लागली तर दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारायची. यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श झाला, तर शरीरातून वीज जाते.

आता हळूहळू मारणारे धोके. दगड, काँक्रीट फोडताना सिलिकाची बारीक धूळ उडते. ती फुप्फुसात साठते, आणि आजार बहुधा अनेक वर्षांनी दिसतो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाच्या, म्हणजे एचएसईच्या अंदाजाप्रमाणे या धुळीमुळे इथे वर्षाला ५००हून अधिक बांधकाम कामगार दगावतात. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केलं. केबिनला फिल्टर असतो, पण उकडतंय म्हणून खिडकी उघडली की तो निरुपयोगी.

शिवाय दिवसभराचे हादरे. त्यांनी पाठ, कंबर धरते. इथल्या २००५ च्या नियमांनुसार आठ तासांच्या हिशेबाने कंपन ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गापर्यंत पोचलं की मालकाने उपाय करायचे, आणि १.१५ ही मर्यादा ओलांडायचीच नाही. आवाजाची सरासरी ८५ डेसिबलला पोचली की कानांना संरक्षण सक्तीचं. गेलेलं ऐकू येणं परत मिळत नाही.

उपाय साधे आहेत: धुळीवर पाणी मारणं, खिडकी बंद, फिल्टर वेळेवर बदलणं, सीट वजनाप्रमाणे लावणं, मधूनमधून खाली उतरून चालणं. घरात कुणी हे काम करत असेल, तर एक गोष्ट आवर्जून करा. खोकला रेंगाळला, दम लागू लागला, तर जीपीला सांगा की यांनी इतकी वर्षं यंत्र चालवलंय. नोकरी सोडून दहा वर्षं झाली असली तरी सांगा.

आणि गावी घराचं काम काढलंत, तर जेसीबीवाल्याला आपण तासावर पैसे देतो. त्याला घाई करू नका, पाण्याची सोय करा. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. त्याने केली आहे का, तेवढं विचारा.

पुढच्या भागात भेटूच. काळजी घ्या, नमस्कार!