डिजिटल तंत्रज्ञानातील शिकाऊ उमेदवारीयुक्त पदवी : करार, श्रेयांक आणि महाविद्यालयाची जबाबदारी

प्रास्ताविक

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील लवळे येथे सिम्बायोसिस आंतरराष्ट्रीय (अभिमत) विद्यापीठ आणि फ्लेम विद्यापीठ अशी दोन विद्यापीठे आहेत. त्याच तालुक्यात, लवळ्याच्या उत्तरेस काही किलोमीटर अंतरावर, हिंजवडी-माण परिसरात राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान वसले आहे. विद्यापीठ आणि उद्योग यांच्यातील भौगोलिक अंतर इतके कमी असले, तरी विद्यार्थ्याच्या आयुष्यात ती दोन्ही सामान्यतः एकामागून एक येतात. आधी पदवी, मग नोकरी. हा क्रम मोडून दोन्ही एकत्र गुंफणाऱ्या शिकाऊ उमेदवारीयुक्त पदवीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये व नंतर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. या पदवीची पूर्वपीठिका, तिची कायदेशीर चौकट आणि तिच्यातील मूल्यमापनाचा प्रश्न यांचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे. भर अर्थातच मूल्यमापनावर आहे, कारण तो भार शेवटी प्राध्यापकांवर येतो.

पूर्वपीठिका

वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांना हे चित्र अगदीच अनोळखी नाही. सनदी लेखापालाचा अभ्यास करणारे विद्यार्थी सकाळी बी.कॉम.च्या तासांना बसतात आणि दिवसभर एखाद्या लेखापालाच्या कार्यालयात आर्टिकलशिप करतात, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. मात्र तेथे कार्यालयात जे शिकले जाते त्याची दखल महाविद्यालय घेत नाही आणि महाविद्यालयात काय शिकवले जाते याची फिकीर कार्यालयाला नसते. दोन शिक्षणे एकाच विद्यार्थ्याच्या अंगावरून समांतर जातात.

संगणक क्षेत्रात विप्रोने १९९५ मध्ये बिट्स पिलानीच्या सहकार्याने विज्ञान पदवीधरांना नोकरी करता करता पदव्युत्तर शिक्षण देण्याची योजना सुरू केली. एचसीएलने २०१७ पासून बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना प्रशिक्षण, काम आणि सोबत पदवी असा मार्ग उपलब्ध केला. दोन्ही योजना कंपन्यांच्या पुढाकारातून आल्या. इंग्लंडमध्ये मात्र २०१५ पासून पदवी-उमेदवारीला शासकीय धोरणाचे रूप मिळाले आणि डिजिटल तंत्रज्ञान हा तिच्या पहिल्या विषयांपैकी एक ठरला. प्राइसवॉटरहाउसकूपर्स, केपीएमजी यांसारख्या लेखापरीक्षण व सल्लागार संस्थाही त्यात उतरल्या. २०१७ पासून तेथे ज्या मालकांचा वार्षिक वेतनखर्च ३० लाख पौंडांपेक्षा अधिक आहे, त्यांच्यावर ०.५ टक्के आकारणी केली जाते व त्या निधीतून शिक्षणशुल्क भागते. उमेदवाराला शुल्क भरावे लागत नाही. शिवाय तो संस्थेचा पगारी कर्मचारी असतो आणि अभ्यासासाठी राखलेला वेळ पगारी कामाच्या वेळेतच धरला जातो. या शेवटच्या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

कायद्याची चौकट

आपल्याकडील आधार १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम हा आहे. तो मूळचा कारखान्यातील कारागिरांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीखेरीज अन्य शाखांनाही दार उघडले. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने त्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के या मर्यादेत उमेदवार घेणे बंधनकारक झाले. पदवी-उमेदवाराचे किमान विद्यावेतन त्याच नियमांनी दरमहा ९,००० रुपये ठरवले. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची शिफारस केली.

विद्यावेतनाच्या आकड्याची चर्चा फार होते. अधिनियमाचे १८ वे कलम त्याहून महत्त्वाचे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. या कलमानुसार उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्यामुळे कामगारविषयक कायदे त्याला सरसकट लागू होत नाहीत. काम करताना झालेल्या दुखापतीची भरपाई अधिनियमाने मालकावर टाकली आहे, परंतु उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन घातलेले नाही. इंग्लंडमधील उमेदवार आधी कर्मचारी असतो आणि मग विद्यार्थी. आपला उमेदवार कायद्याने कर्मचारी नाहीच. म्हणजे त्याचे विद्यार्थीपण हेच त्याचे मुख्य संरक्षण ठरते आणि ते जपणारी संस्था महाविद्यालयाखेरीज दुसरी कोणती?

श्रेयांकांचे गणित

२०२५ च्या तत्त्वांनुसार तीन वर्षांच्या पदवीत किमान एक व कमाल तीन सत्रे, तर चार वर्षांच्या पदवीत किमान दोन व कमाल चार सत्रे उमेदवारीसाठी देता येतात. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे १,२०० अध्ययनतास म्हणजे ४० श्रेयांक, अर्थात एका श्रेयांकाला ३० तास. एका सत्राच्या उमेदवारीला या हिशेबाने २० श्रेयांक व ६०० तास होतात.

आता साधा गुणाकार करून पाहावा. आठवड्याला ४० तासांप्रमाणे २६ आठवड्यांत विद्यार्थी कार्यालयात १,०४० तास घालवतो. त्यांपैकी ६०० तासांना श्रेयांक मिळतात. उरलेले ४४० तास कोणत्या खात्यावर मांडायचे? ते अध्ययनाचे नसतील तर निव्वळ कामाचे आहेत, आणि काम करणारा कायद्याने कामगार नाही. ही विसंगती कागदावर राहिली तर तिचा भार विद्यार्थ्याच्या रात्रीच्या झोपेवर पडेल. सामंजस्य करारातच आठवड्याचा एक दिवस अभ्यासासाठी राखून तो उपस्थितीत धरण्याची अट घालता येते. ती घालण्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.

जे पाहता येत नाही त्याचे मूल्यमापन

डिजिटल तंत्रज्ञानात एक खास अडचण आहे. कारखान्यातील उमेदवाराने बनवलेला सुटा भाग परीक्षकाला हातात घेऊन मोजता येतो. सल्लागार संस्थेतील उमेदवार मात्र एखाद्या बँकेच्या माहितीसंचावर किंवा विमा कंपनीच्या प्रणालीवर काम करतो. त्याने लिहिलेली आज्ञावली ग्राहकाच्या मालकीची असते; ती कार्यालयाबाहेर नेणे हा करारभंग ठरतो. मग प्रकल्प-अहवालात उरते काय? वापरलेल्या साधनांची नावे, कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेला परिचय आणि वरिष्ठांच्या सहीचे प्रमाणपत्र. अशा अहवालाला गुण देणे म्हणजे न पाहिलेल्या कामावर विद्यापीठाची मोहोर उठवणे होय.

यावर उपाय अशक्य नाही. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काम न दाखवता त्या कामातील निर्णय सांगावेत: कोणती अडचण आली, कोणते पर्याय होते, कोणता निवडला आणि का. त्यासाठी दर आठवड्याची नोंदवही आणि सत्रातून दोनदा मौखिक परीक्षा हवी. तीच समस्या काल्पनिक माहितीवर परीक्षकासमोर पुन्हा सोडवून दाखवण्यास सांगितले, तर गोपनीयताही राहते आणि कौशल्यही तपासले जाते. ज्याने स्वतः काम केले आहे त्याला हे सहज जमते. ज्याने सहा महिने केवळ तक्ते भरले, त्याचेही वास्तव दहा मिनिटांत उघड होते. तक्ते भरून घेतले असतील तर तो दोष विद्यार्थ्याचा नव्हे. पण तो उघड होणे महाविद्यालयाच्या दृष्टीने आवश्यक आहे.

हे करणार कोण, हा प्रश्न ओघाने येतोच. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन आठवड्याला १६ तासांचे असते. विद्यार्थी दोन सत्रे बाहेर गेले की वेळापत्रकातील तास घटतात, आणि तास घटले की पद धोक्यात येते. अनुदानित महाविद्यालयांतील ही भीती निराधार म्हणता येणार नाही. कंपनीत जाऊन केलेले मार्गदर्शन, नोंदवह्यांची तपासणी व मौखिक परीक्षा यांचे तास कार्यभारात मोजले जावेत, अशी तरतूद अभ्यासमंडळांनी अभ्यासक्रमाच्या मसुद्यातच लिहून घ्यावी. नंतर मागणी करून ती मिळेल, असा अनुभव नाही.

एक बाब अजून राहते. करार मध्येच तुटू शकतो. प्रकल्प रद्द होतो, विभाग बंद होतो. मालकाच्या कसुरीने करार संपल्यास उमेदवाराला भरपाई देण्याची तरतूद अधिनियमात आहे, पण भरपाईतून श्रेयांक मिळत नाहीत. मुळशी खोऱ्यातल्या गावातून आलेल्या, विद्यावेतनावर घरभाडे भागवणाऱ्या विद्यार्थ्याचे त्यामुळे आख्खे वर्ष बुडू शकते. यासाठी २० श्रेयांकांचा पर्यायी अभ्यासक्रम, त्याचे शिक्षक व त्याच्या परीक्षेचे वेळापत्रक हे सर्व पहिल्या उमेदवाराची सही होण्यापूर्वी विभागाच्या कपाटात तयार असले पाहिजे.