न्हाणीत दीडशे माणसं!

नांदेडहून निघून अर्धापूर मागे टाकलं की पुढे वारंगा फाटा लागतो. इथे रस्त्याला दोन तोंडं फुटतात. एक कळमनुरी, हिंगोलीवरून अकोल्याकडे जातं, दुसरं हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. मोठी माणसं इथे खिचडी खायला गाडी थांबवतात. थांबू द्या त्यांना. तुम्ही फेब्रुवारी-मार्चात आला असाल तर जरा रस्त्याकडेच्या वावरांकडे बघा. हा हळदीचा मुलूख आहे. याच हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वावरात नुकत्याच काढलेल्या हळदीचे ढीग असतात आणि शेजारी एक काळपट लोखंडी यंत्र फुसफुसत असतं. हा हळद शिजवायचा बॉयलर. कुणी त्याला कुकरही म्हणतं. टाकीखाली जाळ असतो. टाकीतल्या पाण्याची वाफ पाइपातून ड्रममध्ये शिरते आणि ड्रममधली ओली हळद शिजते.

आता एक प्रश्न. हा बॉयलर कधी कुणी घरात, दार लावून पेटवलेला पाहिलाय का? नाही ना! तो उघड्यावरच असतो आणि त्याला धुराडंही असतं.

आजीच्या घरचा, अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब आठवतोय का? नसेल पाहिला तर एखाद्या जुन्या वाड्यात जाऊन बघा, फार हुशारीचं काम आहे ते. मधोमध एक उभी नळी, तिच्यात सरपण किंवा कोळसे. नळीच्या भोवती पाणी. नळीच्या बुडाशी जाळी, तिच्यातून राख खाली पडते आणि हवा आत शिरते. धूर वरच्या तोंडातून बाहेर. हवेला आत यायची वाट वेगळी, धुराला बाहेर जायची वाट वेगळी. बंब घडवणाऱ्या तांबटाने रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं नसेल, पण या दोन वाटा तो कधी विसरला नाही.

मग आला गॅस गीझर. तोही बॉयलरच, फक्त पेटीएवढा आणि गोरागोमटा. नळ सोडला की ‘टक टक टक’ आणि भप्पकन ज्योत! धूर दिसत नाही, राख नाही, काजळी नाही. त्यामुळे झालं काय, की ज्याला आपण अंगणात ठेवत होतो त्याला थेट न्हाणीत, बंद दाराआड, भिंतीवर टांगून मोकळे झालो. माझ्या मते घराघरांत झालेली ही सगळ्यात बिनडोक अदलाबदल आहे.

का ते सांगतो. वही-पेन्सिल घ्या.

तुम्ही निवांत बसलेले असता तेव्हा तुमचं शरीर मिनिटाला साधारण पाव लीटर ऑक्सिजन वापरतं. मिनिटाला सहा लीटर गरम पाणी देणारा गीझर पूर्ण जोरात चालला, तर त्याला मिनिटाला लागतो साधारण ४० लीटर ऑक्सिजन! करा भागाकार. दीडशेहून जास्त माणसं झाली. म्हणजे पाच फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीत तुम्ही एकटेच अंघोळ करताय असं तुम्हाला वाटतं, पण भिंतीवर दीडशे माणसांइतका श्वास घेणारा एक गडी लटकलेला असतो.

या न्हाणीत हवा मावते साधारण ६,८०० लीटर. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे जेमतेम १,४०० लीटर. दहा मिनिटांत गीझरने ४०० लीटर संपवला, म्हणजे पाव हिस्स्याहून जास्त गेला. दाराच्या फटीतून थोडी हवा येत असते, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी भरेल. पण हिवाळ्यात आपण करतो काय? गार वारा नको म्हणून तीच फट पायपुसणं लावून बुजवतो!

ज्योतीला हवा कमी पडली की काय होतं ते डोळ्यांनी बघायचंय? घरातलं मोठं माणूस सोबत घ्या आणि कंदिलाची काच शोधा. मेणबत्ती पेटवून टेबलावर ठेवा आणि काच दोन लाकडी ठोकळ्यांवर टेकवून तिच्याभोवती उभी करा. खालून हवा येते, वरून गरम वायू जातो, ज्योत झक्क जळते. आता ठोकळे काढा आणि काच टेबलावर टेकवा. वरचं तोंड उघडंच आहे, तरी ज्योत फडफडते, धूर सोडायला लागते. शेवटी वर काचेचा तुकडा झाका. गेली विझून! यातली मधली अवस्था नीट बघून ठेवा. ज्योत जळतेय, पण अर्धपोटी. धोका तिथेच आहे.

पोट भरलेल्या ज्योतीत गॅसमधल्या कार्बनच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचे दोन अणू मिळतात आणि कार्बन डायऑक्साइड बनतो. अर्धपोटी ज्योतीत काही कार्बनला एकच अणू मिळतो आणि तयार होतो कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. सिलिंडरच्या गॅसलाही स्वतःचा वास नसतो बरं का! गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. पण ते ज्योतीत जळून जातं. म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे सगळं ठीक’ हे इथे साफ खोटं.

रक्तात ऑक्सिजन वाहून नेतं हिमोग्लोबिन. कार्बन मोनॉक्साइड या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. एसटीत आधी चढून सगळ्या सीटवर रुमाल टाकणारा प्रवासी असतो ना, तसा. ऑक्सिजन दारात उभाच राहतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, मग पायातलं बळ जातं. कडी हाताशी असते, पण काढता येत नाही.

हे सगळं नेमकं कसं घडतं हे जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शोधलं, तेही स्वतः हा वायू हुंगून आणि आपल्याला काय काय होतंय ते टिपून ठेवून! (तुम्ही असलं काही करायचं नाही. त्याच्या घरच्यांनाही ते आवडत असेल असं मला वाटत नाही.) खाणीत जाताना कॅनरी पक्षी सोबत न्यावा असं त्यानेच सुचवलं. इवलासा जीव भराभर श्वास घेतो, त्याला विषबाधा माणसाच्या आधी होते. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी सुटले ते थेट १९८६ मध्ये, यंत्रं आल्यावर. याच हाल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आला आणि इथलाच नागरिक झाला.

तर मग गीझर लावायचा कुठे? न्हाणीच्या बाहेर. गॅलरीत, मागच्या उघड्या ओसरीत, जिथे वारा खेळतो तिथे. सिलिंडरही बाहेरच, आणि उभा. न्हाणीत यावा तो फक्त गरम पाण्याचा पाइप. जळलेला वायू नेणारं धुराडं थेट उघड्या आभाळाखाली निघालं पाहिजे. बिल्डिंगच्या बंद डक्टमध्ये सोडलं तर तो वायू वरच्या मजल्यावरच्यांच्या खिडकीतून आत जातो.

न्हाणीबाहेरच्या एखाद्या खोलीत गीझर असेल तर त्या खोलीला जाळ्या दोन हव्यात, एक जमिनीलगत आणि एक छताजवळ. गरम वायू वर चढतो, म्हणून वरची. आपला स्वयंपाकाचा गॅस मात्र हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, गळला तर जमिनीवर साचतो, म्हणून खालची. तिच्यातूनच ताजी हवाही आत येते. ‘आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे की,’ असं कुणी म्हणालं तर विचारा, हवा आत कुठून येते? आत यायला वाटच नसेल तर फॅन धुराड्यातलाच वायू उलटा खोलीत ओढू शकतो.

ज्योत निळी असावी. पिवळी दिसली, काजळी धरली, तर गीझर बंद करून मेकॅनिकला बोलवायचं. आणि कुणाला आत चक्कर आली तर आधी दार-खिडक्या सताड उघडा, गीझर बंद करा, त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा. गॅसगळतीसाठी नंबर आहे १९०६.

आता मासिक बाजूला ठेवा आणि घरातला गीझर बघून या. तो न्हाणीच्या आत असेल तर आई-बाबांना हा लेख वाचून दाखवा, आणि तो बाहेर निघेपर्यंत पाणी चुलीवर नाहीतर शेगडीवर तापवून बादलीत घ्या.