लंगडता शकुनी

‘मामा’ हा आपल्या भाषेतला मोठा लाडका शब्द. चंद्रालासुद्धा आपण त्याच नात्याने हाक मारतो. पण त्याच्यामागे ‘शकुनी’ लागला, की भरल्या घरातले चेहरे गोरेमोरे होतात. भावाभावांत वाटणीचा तंटा निघाला, की धाकट्या सुनेचा भाऊ हमखास शकुनीमामा ठरतो. वडिलांनी मृत्युपत्रात काय लिहून ठेवले, याची विचारपूस मागाहून!

या मामाचे आजचे रूप ठरवले ते दूरदर्शनने. २ ऑक्टोबर १९८८ पासून २४ जून १९९० पर्यंत बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ चालले. संवाद राही मासूम रझांचे, शकुनी गुफी पेंटल. मिचकावलेला डोळा, लंगडती चाल, बोटांत खेळणारे फासे. पेंटल हे कसलेले नट. त्यांच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती लेखणीविषयी.

लबाड माणूस रंगवायचा म्हणजे त्याची लबाडी प्रेक्षकाला कळावी आणि भोवतालच्या पात्रांना कळू नये. देवलांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ बेतले, तेव्हा हे मर्म आपल्या रंगभूमीवर येऊन पोहोचले होते. येथे सारे उलटेच. हा गृहस्थ दारातून आत आला, की कोणताही शहाणा कारभारी आधी तिजोरीला कुलूप घालील! मग भीष्म-विदुरांसारखी माणसे त्याला वर्षानुवर्षे दरबारात बसू देतात ती कशी? ही फट बुजवायला सुडाची कथा आणली : बहीण आंधळ्याच्या गळ्यात बांधली, म्हणून कुरुकुळाचा नाश. २०१३ सालच्या स्टार प्लसवरील मालिकेनेही हीच वाट धरली. बापाच्या अस्थींचे फासे ही तर निव्वळ लोककथा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून जी संशोधित आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात हे फासे सापडत नाहीत.

व्यासांच्या शकुनीला असल्या कारणांची गरजच पडत नाही. भाचा वाळत चालला आहे, हे त्याला पाहवत नाही, एवढेच. आणि त्याचे कपट पाहा. धर्मराज पटावर बसताना कुरकुरतो, तेव्हा शकुनी त्याला अडवत नाही की आग्रहही करीत नाही. भीती वाटत असेल तर खेळू नकोस, असे सरळ सांगतो! दार उघडे ठेवले आहे. पण हा माणूस त्यातून बाहेर पडणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक. सर्वस्व हरल्यावर अजून द्रौपदी शिल्लक आहे, ही आठवणही तोच शांतपणे देतो. डोळा मिचकावण्याचे कामच नाही.

आमचे विसरवाडी नवापूर तालुक्यात, धुळे-सुरत महामार्गावर. माझ्या वर्गात बहुतेक मुले आसपासच्या आदिवासी पाड्यांवरची. घरी मावची बोलतात, महाभारत मात्र पडद्यावरून पाठ. एकदा मी विचारले, द्यूताला जबाबदार कोण? वर्ग एकमुखाने म्हणाला, ‘शकुनी!’ मागल्या बाकावरची एक मुलगी तेवढी गप्प होती. मग हळूच म्हणाली, ‘सर, पण खेळायला बोलावणे कोणी पाठवले?’

प्रश्न बिनतोड होता. बोलावणे धृतराष्ट्राचे, नको नको म्हणणाऱ्या विदुराला त्यानेच निरोप घेऊन धाडले. डाव चालू असताना ‘जिंकले का, जिंकले का’ म्हणून उतावीळपणे विचारणाराही तोच. द्रौपदीला वर देऊन सारे परत केले, आणि गांधारी विरोध करीत असता पांडवांना वाटेतून माघारी बोलावून दुसरा डाव मांडू दिला. मालिकेतला मामा इतका भडक रंगवला, की सिंहासनावर बसलेला हा म्हातारा बापडा वाटू लागतो. भरल्या सभेत खाली माना घालून बसलेल्यांचे तर विचारूच नका!

पुढल्या तासाला मी वनपर्वातली हकीकत सांगितली. गंधर्वांच्या कैदेतून पांडवांनी सोडवल्यावर दुर्योधन लाजेने प्राण द्यायला निघतो. तेव्हा त्याला समजावणाऱ्यांत शकुनी आहे. तो म्हणतो, पांडवांचे उपकार मान, त्यांचे राज्य त्यांना देऊन टाक. वर्ग चकित झाला. ‘शकुनी असे म्हणाला?’

‘आणि दुर्योधनाने ऐकले का?’ तीच मुलगी.

नाही ऐकले.